पुढचा मिनी पीसी कसा असावा? ४४ अंशांच्या खोलीतून एक मागणीपत्र

काळी_कसदार (गेवराई) · शनिवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

गेवराईत आणि आसपासच्या गावांत मी संगणकांची देखभाल करतो. सेवा केंद्रं, दोन पतसंस्था, कृषी सेवा केंद्र, झेरॉक्सवाले असे मिळून चाळीसेक संगणक माझ्याकडं आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो आठव्या पिढीचा किंवा पुढचा. त्यामुळं निम्म्याहून जास्त उभे डबे (गिऱ्हाईक ज्याला ‘सीपीयू’ म्हणतं ते) बदलायला आलेत. त्यांच्या जागी मी मिनी पीसी (हातात मावणारा छोटा संगणक) बसवतोय. दोन वर्षांत अकरा बसवले. वीज कमी खातो, टेबल मोकळं राहतं, लाईट गेली तरी इन्व्हर्टरवर तग धरतो. मला हे यंत्र मनापासून आवडतं, म्हणून हा धागा काढतोय.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. निकालाचे दिवस, उत्पन्नाच्या आणि जातीच्या दाखल्यांना बाहेर रांग लागलेली. पत्र्याच्या खोलीतल्या एका केंद्रातला मिनी पीसी रोज दुपारी दीडच्या सुमारास आपोआप बंद पडायचा. चार दिवस मी लाईटला दोष दिला. पाचव्या दिवशी टेबलावर थर्मामीटर ठेवला, तर ४४. मग खोक्यातला कागद काढून वाचला. ‘चालण्याचे तापमान : ० ते ३५ अंश सेल्सिअस’. आमच्या पत्र्याखाली दुपारचे ३५ अंश मार्चमध्येच होतात. यंत्र खोटं बोललं नव्हतं, ते आमच्यासाठी बनलंच नव्हतं.

तर पुढच्या आवृत्तीत तुम्हाला काय हवं ते सांगा. दोन कंपन्यांना आणि संभाजीनगरच्या वितरकाला एक सविस्तर पत्र पाठवायचं ठरवलंय. ‘फास्ट पाहिजे’ एवढंच लिहू नका. कुठं वापरता, काय अडतं, त्यावर काय हवं, असं लिहा. माझी पहिली मागणी : कागदावर ५० अंश लिहिता येतील असं यंत्र द्या.

वजनकाटा (मानवत) · शनिवार, रात्री १०:१५

दादा, बरं झालं धागा काढला. मी कापसाच्या जिनिंगवर वजनकाट्याच्या खोलीत असतो. ऊन तर आहेच, पण आमच्याकडं त्याच्याही आधी रुई. हवेत तंतू उडतच राहतात. मिनी पीसीचा पंखा ते आत ओढतो आणि पंखा आणि हीटसिंक (प्रोसेसरची उष्णता सोडणारी धातूची पट्टी) यांच्या मधल्या फटीत त्याचा अक्षरशः नमदा बसतो. मागच्या हंगामात उघडून बघितलं तर बोटाच्या पेराएवढी जाड पांढरी गादी निघाली, चिमट्यानं अख्खी उचलली. पंखा फिरतोय, पण वारा पुढं जातच नाही. गिऱ्हाईकाला वाटतं पंखा चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे.

माझी मागणी सोपी आहे. हवा जिथून आत जाते तिथं जाळी द्या, आणि ती बाहेरून बोटानं निघाली पाहिजे. स्क्रू नको. रोज संध्याकाळी काटा बंद करताना पोरगं ती काढून झटकेल. आता जाळी असली तरी आतून असते, ती साफ करायची तर सगळं यंत्र उघडा.

दुसरी मागणी कॉम पोर्टची. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन येतं ते आरएस-२३२ च्या ९ पिनच्या वायरनं. मिनी पीसीला ते पोर्टच नाही, म्हणून यूएसबीची कन्व्हर्टर वायर लावलीय. कुणी ती वायर काढून शेजारच्या खाचेत घातली की कॉम ३ चा कॉम ७ होतो. सॉफ्टवेअर कॉम ३ वरच वाट बघत बसतं आणि वजन शून्य. बाहेर कापसाच्या गाड्या उभ्या, शेतकरी रात्रीपासून थांबलेला, आणि मी डिव्हाइस मॅनेजर उघडून बसलेलो. एका पोर्टापायी माणसं उन्हात ताटकळायलेत, हे कंपनीला कुणीतरी सांगा.

सोल्डरिंग_स्टेशन (संभाजीनगर) · शनिवार, रात्री ११:०२

माझं दुरुस्तीचं दुकान आहे. आठवड्याला पाच-सहा मिनी पीसी टेबलावर येतात. वजनकाटा यांनी सांगितलेला नमदा मीही पाहतो, आमच्याकडं फक्त त्याचा रंग राखाडी. त्याखाली प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडं नेणारी पेस्ट दोन उन्हाळ्यांत वाळून खडूसारखी झालेली असते. नखानं खरवडली की भुकटी पडते. काळी_कसदार, तुमचं दीड वाजता बंद पडणारं यंत्र एकदा उघडून पेस्ट बघा.

मी जे रोज पाहतो त्यातलं सगळ्यात छोटं आणि सगळ्यात त्रासदायक दुखणं सांगतो. घड्याळाची बटण-बॅटरी, सीआर २०३२. उभ्या डब्यात ती बोर्डवर समोर दिसते. कुणीही स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं काढून किराणा दुकानातून आणलेली नवी बसवतं. मिनी पीसीत ती प्लास्टिकच्या आवरणात गुंडाळून दोन तारांनी जोडलेली असते आणि बहुतेक वेळा बोर्डच्या खाली चिकटवलेली. ती काढायची म्हणजे बोर्ड उचला, हीटसिंक सोडवा, वायफायच्या दोन केसासारख्या तारा जपा. बॅटरी उतरली आणि वर लाईटही गेली, की यंत्राची तारीख मागं जाते. तारीख मागं गेली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळ उघडत नाही, डिजिटल सही होत नाही. सेवा केंद्रवाला म्हणतो, “नेट बंद आहे.” नेट चालू असतं, यंत्र वीस वर्षं मागं गेलेलं असतं. मग तो बसनं यंत्र घेऊन माझ्याकडं येतो, तीस-चाळीस रुपयांच्या बॅटरीसाठी.

तेव्हा बॅटरीला तळाशी वेगळं झाकण द्या. आणि तळाचे स्क्रू रबरी पायांखाली लपवू नका. पाय एकदा उपटला की परत नीट चिकटत नाही, यंत्र टेबलावर डुगडुगतं.

अडॅप्टरच्या पिनेबद्दलही लिहायला हवं. बाहेरून ५.५ मिलिमीटर, दिसायला सगळ्या सारख्या. आतलं भोक कुणाचं २.१, कुणाचं २.५. अडीचची पिन २.१ च्या सॉकेटात बसते पण सैल बसते, धक्का लागला की यंत्र बंद. उलट लावायला गेलं तर बसतच नाही. त्यात एकाचा अडॅप्टर १२ व्होल्टचा आणि दुसऱ्याचा १९ चा. दुकानात दोन यंत्रं शेजारी ठेवली आणि अडॅप्टर बदलले गेले की एक बोर्ड गेला म्हणून समजा. सरळ यूएसबी-सी पीडी द्या. तिथं यंत्र आणि अडॅप्टर आपसांत बोलून व्होल्टेज ठरवतात, १०० वॉटपर्यंत सहज जातं. मोबाइलसारखा अडॅप्टर तालुक्यालाही मिळेल.

टंकलेखिका (उदगीर) · रविवार, सकाळी ७:५०

माझी टंकलेखन संस्था आहे. वीस संगणक, सकाळी सहाला पहिली बॅच. मराठी ३० ची, इंग्रजी ३० आणि ४० ची मुलं-मुली येतात. जागा लहान म्हणून मी मिनी पीसी मॉनिटरच्या मागं स्क्रूनं लावलेत, ते १०० मिलिमीटरच्या चौकोनातले चार स्क्रू असतात ना, तसे.

लावल्यावर कळलं की चालू करायचं बटणही मागंच गेलं. पहाटे अंधारात वीस मुली मॉनिटरच्या मागं हात घालून चाचपडतात. एकीच्या हातानं एचडीएमआयची वायर निघते, दुसरी बटण दोनदा दाबते. कीबोर्डवरून यंत्र चालू होण्याची सोय काही यंत्रांच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ सेटिंगांत) आहे, माझ्या निम्म्या यंत्रांत नाही. ती सगळ्यांत असावी. आणि लाईट येताच आपोआप चालू होण्याची सोयही असावी, कारखान्यातूनच चालू करून द्यावी. परीक्षेच्या दिवशी लाईट जाऊन आली की प्रत्येक सेकंद मोलाचा असतो.

आणखी एक, माझ्या मनातलं. यंत्रासोबत कीबोर्ड देणार असाल तर त्यावर देवनागरी अक्षरं छापा. इनस्क्रिप्ट ही सरकारनं १९८६ पासून मानक केलेली रचना आहे, आज प्रत्येक संगणकात आणि फोनात आहे, पण कळीवर मात्र ‘क’ दिसत नाही. माझ्याकडं शेतमजुरांच्या मुली येतात, आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावतात. समोर फक्त परकी अक्षरं दिसली की त्यांचे खांदे आकसतात. मी स्वतः स्टिकर आणून चिकटवते. महिन्याभरात घामानं ‘र’ आणि ‘ा’ पुसले जातात, कारण तेच सगळ्यात जास्त लागतात.

गोदाकाठ (नांदेड) · रविवार, सकाळी ९:२०

मी अभियांत्रिकीला आहे, तिसऱ्या वर्षाला. सगळ्यांचं वाचलं, माझी गरज थोडी वेगळी आहे. वसतिगृहाच्या खोलीत कोड संकलित करणं, दोन-तीन आभासी यंत्रं (संगणकाच्या आत चालणारे दुसरे संगणक) चालवणं, चॅटजीपीटीसारखी पण छोटी भाषा-मॉडेलं स्वतःच्या यंत्रावर चालवून बघणं. त्याला रॅम लागते. म्हणून माझी एकच मागणी : रॅम बोर्डावर चिकटवू नका, खाचा द्या. आज ८ जीबी घेईन, नोकरी लागल्यावर ३२ करेन.

सध्या तर हे जास्तच महत्त्वाचं झालंय. एआयच्या डेटा सेंटरांकडं सगळी मेमरी वळल्यानं भाव चढलेत. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या मेमरी बनवणाऱ्या कंपनीनं ‘क्रुशल’ हा ग्राहकांसाठीचा धंदा बंद करत असल्याचंच जाहीर केलं. आज सोळाचं यंत्र परवडत नाही म्हणून आठचं घेतलं आणि ते चिकटवलेलं असेल, तर भाव उतरल्यावरही मी आठवरच अडकलो.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पत्र वाचणारा अभियंता हसेल. जोडलेली रॅम वेगवान असते, वीज कमी खाते. सहज दुरुस्त होणाऱ्या यंत्रांसाठीच नाव कमावलेल्या फ्रेमवर्क कंपनीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये जो छोटा डेस्कटॉप जाहीर केला त्यातही रॅम जोडलेलीच आहे, कारण त्या प्रोसेसरला लागणारा वेग सुट्या रॅमवर टिकेना. एलपीकॅम-२ नावाचं स्क्रूनं बसणारं मेमरीचं पान आलंय, त्यात वेग आणि बदलण्याची सोय दोन्ही साधतं. पुढच्या आवृत्तीत ते मागायला हवं. पण सेवा केंद्राच्या यंत्राला एवढा वेग लागतच नाही, तिथं साध्या दोन खाचा पुरे.

अजिंठा_रेषा (संभाजीनगर) · रविवार, सकाळी १०:०५

मी पुस्तकांची मुखपृष्ठं आणि लग्नपत्रिकांची कामं करते, ॲपलच्या मॅक मिनीवर. छोट्या डेस्कटॉपची आवृत्तीगणिक काय वाट होते ते या यंत्रात छान दिसतं. जानेवारी २००५ मध्ये आला तेव्हा साडेसोळा सेंटिमीटरचा चौकोन होता. २०१० ला पसरट झाला, १९.७ चा. २०१४ ला रॅम बोर्डाला जोडून टाकली, २०१८ ला परत खाचा आल्या, आणि २०२० च्या एम१ चिपपासून रॅम थेट प्रोसेसरच्याच पाकिटात गेली. ऑक्टोबर २०२४ चा एम४ वाला १२.७ सेंटिमीटर, तळहातावर मावतो. त्यात सुरुवातच १६ जीबीपासून होते. पुढं दोन यूएसबी-सी आणि हेडफोनची खाच, जुनं चौकोनी यूएसबी एकही नाही. बटण तळाच्या कोपऱ्यात.

मला यातली एक गोष्ट पुढच्या सगळ्या मिनी पीसींत हवी. वीजपुरवठा यंत्राच्या पोटातच आहे. बाहेर विटेएवढा अडॅप्टर लोंबकळत नाही, साधी दोन पिनची वायर लागते. टेबलाखालचा गुंता संपतो.

आणि हो, त्याच्याही तांत्रिक माहितीत चालण्याचं तापमान १० ते ३५ अंश असंच लिहिलंय. म्हणजे ही मागणी महागड्या-स्वस्त सगळ्यांनाच लागू आहे.

सोल्डरिंग_स्टेशन · रविवार, सकाळी १०:३०

ताई, अडॅप्टरच्या बाबतीत मी विरुद्ध बाजूचा. आपल्याकडं व्होल्टेज एकदम चढतं, डीपीवर न्यूट्रल सुटला की घरात किती व्होल्ट येतील नेम नाही. तेव्हा आधी जळतो तो अडॅप्टर. हजार-दीड हजारात नवा. तोच पोटात असेल तर सगळं यंत्र माझ्या टेबलावर. तुमच्या स्टुडिओत स्टॅबिलायझर आणि चांगलं अर्थिंग असेल, खेड्यात ते नसतं. काळी माती उन्हाळ्यात भेगाळली की अर्थिंगचा खड्डाही कोरडा पडतो, मग यंत्राच्या धातूच्या अंगाला हात लावला की झिणझिण्या येतात.

अजिंठा_रेषा · रविवार, सकाळी १०:४४

हे मला माहीत नव्हतं. मग माझी मागणी मागं घेते. गावाकडच्या यंत्राला अडॅप्टर बाहेरच असू द्या.

पारावरचे_गुरुजी (कळंब) · रविवार, दुपारी १२:१५

मी निवृत्त शिक्षक. आमच्या गावच्या वाचनालयात तीन ‘रास्पबेरी पाय ४००’ आहेत, नोव्हेंबर २०२० मध्ये आलेलं यंत्र. कीबोर्डच्या पोटातच सगळा संगणक. पंखा नाही, आत धातूची रुंद पट्टी बसवलीय, ती उष्णता पसरवते. टंकलेखिका ताई, त्याला कीबोर्डवरच चालू-बंदची कळ आहे बघा. पोरं त्यावर विश्वकोश वाचतात, स्क्रॅच (मुलांसाठीची प्रोग्रामिंगची भाषा) शिकतात. चार उन्हाळे निघाले, एकही बंद पडलं नाही. फक्त लाईट अचानक गेल्यानं मेमरी कार्डं दोनदा खराब झाली आणि सगळं पहिल्यापासून भरावं लागलं. म्हणून लाईट गेल्यावर दहा-वीस सेकंद यंत्राला जिवंत ठेवून नीट बंद करील अशी छोटीशी साठवण पुढच्या यंत्राच्या आतच असावी, असं मला वाटतं.

आमच्याकडं छतावर दोन सौर पाट्या आहेत आणि १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी. बॅटरीचे १२ व्होल्ट इन्व्हर्टरनं २३० करायचे, अडॅप्टरनं त्याचे परत १९ करायचे. ही ये-जा कशाला? यंत्र थेट बॅटरीवर का चालू नये?

कयाधूकाठ (हिंगोली) · रविवार, दुपारी १:४०

गुरुजी, तुमचा प्रश्न अगदी बरोबर आहे. हिशेब मांडतो.

१५० एएच गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८०० वॉट-तास. लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे ९०० हातात. मिनी पीसी १५ वॉट, मॉनिटर २०, राउटर १०, एकूण ४५. थेट चालवलं तर वीस तास. इन्व्हर्टरची गळती धरली तर पंधरा-सोळा. जुना उभा डबा मॉनिटरसकट १२० वॉट धरला तर साडेसात तास, इन्व्हर्टरची गळती धरून सहाच. आठ तास भारनियमन असलेल्या गावात हाच फरक दुकान चालू की बंद ते ठरवतो.

पण पत्रात नुसतं ‘१२ व्होल्टवर चालावं’ असं लिहू नका. बारा व्होल्टची बॅटरी कधीच बारावर नसते. चार्ज होताना १४.४ पर्यंत चढते, रिकामी होताना साडेदहापर्यंत उतरते. ‘९ ते २४ व्होल्टच्या दरम्यान काहीही चालेल’ असं हवं. हे काही नवं नाही. कारखान्यांसाठीच्या बिनपंख्याच्या डबा-संगणकांना ९ ते ३६ व्होल्ट चालतात, दोन-चार कॉम पोर्ट असतात, ६० अंशांपर्यंत चालणारेही मिळतात. अडचण एकच, किंमत. तीच सोय साध्या प्रोसेसरसह घरगुती भावात द्या, एवढंच मागायचं आहे.

काळी_कसदार · रविवार, संध्याकाळी ६:३०

एका दिवसात एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सोल्डरिंग_स्टेशन, यंत्र उघडलं. पेस्ट खडूच होती. बदलली, पण तो उपाय एका उन्हाळ्यापुरता.

एका गोष्टीवर निर्णय हवा. पंखा ठेवायचा की काढायचा? गुरुजींचं यंत्र बिनपंख्याचं टिकलं, पण त्याच्यावर काम हलकं आहे. सेवा केंद्रात एकाच वेळी ब्राउझरच्या पंधरा टॅब, स्कॅनर, अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर. आणि ४४ अंशांत नुसती धातूची पट्टी उष्णता सोडणार कुठं, हवाच तापलेली.

वजनकाटा · रविवार, संध्याकाळी ६:५२

मला बिनपंख्याचंच द्या. थोडं हळू चाललं तरी चालतंय. वजन घ्यायला आणि पावती छापायला कितीशी ताकद लागते? पंखा आला की रुई आलीच.

गोदाकाठ · रविवार, संध्याकाळी ७:१०

मला पंखा हवा, माझं यंत्र तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालतं. दोन प्रकार मागा ना. बोर्ड तोच, वरचं कवच वेगळं. एक धातूचं, पात्यांसारख्या उभ्या घड्या असलेलं, बिनपंख्याचं, दुसरं पंख्याचं, बाहेरून निघणाऱ्या जाळीसह. पाठीमागं एक मोकळी चौकट ठेवा, तिथं ज्याला हवं त्यानं कॉम किंवा व्हीजीए (जुन्या मॉनिटरचं पोर्ट) बसवावं. लेनोवोच्या थिंकसेंटर टायनीत अशी वाढीव पोर्टाची जागा असतेच.

टंकलेखिका · रविवार, संध्याकाळी ७:३५

व्हीजीए खरंच लिहा हो. माझे वीसपैकी बारा मॉनिटर जुने आहेत आणि उत्तम चालतात. कन्व्हर्टरच्या वायरी दर सहा महिन्यांनी बदलते. आणि चौकोनी यूएसबी किमान पाच. कीबोर्ड, माउस, प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, अंगठ्याचं यंत्र. माझ्याकडचं यातलं काहीच यूएसबी-सीचं नाही.

काळी_कसदार · रविवार, रात्री ९:१५

ठरलं. दोन कवचं, एक बोर्ड. पत्रात आणखी एक मुद्दा घालतोय. ३ ऑगस्ट २०२३ ला केंद्र सरकारनं लॅपटॉप-टॅब्लेटसोबत अगदी लहान आकाराच्या संगणकांच्याही आयातीवर बंधन जाहीर केलं, पुढं ते परवानगी घेऊन आयात करण्यावर आलं. उद्देश हा की यंत्रं इथं बनावीत. मग इथं बनणाऱ्या यंत्राची चाचणीही इथल्या हवेत व्हावी. वातानुकूलित खोलीत नाही, मे महिन्यात पत्र्याखाली. ती जागा आणि माणसं आपण देऊ, असं मी लिहितोय. वितरकाशी फोनवर बोललो. एक बिनपंख्याचं नमुना-यंत्र जूनपर्यंत वापरायला देतो म्हणाला, नोंदी लिहून द्यायच्या अटीवर.

वजनकाटा, तुमच्याकडं ठेवू का? रुई आता, ऊन पुढं, दोन्ही एकाच खोलीत मिळतील.

वजनकाटा · रविवार, रात्री ९:३१

आणा. मालकाला आत्ताच विचारलं, हो म्हणाले. जुनं यंत्र बाजूला तयार ठेवतो, गाड्या थांबायला नकोत. दिवसातून तीनदा तापमान लिहायची वही घालतो, सकाळी नऊ, दुपारी दोन, संध्याकाळी सहा. त्याला कॉम पोर्ट आहे का तेवढं बघून घ्या, नसेल तर कन्व्हर्टरची वायर माझ्याकडं आहे.

काळी_कसदार · रविवार, रात्री ९:३४

आहे. एकच आहे, पण खरं ९ पिनचं. गुरुवारी सकाळच्या गाडीनं येतो.